न विकली गेलेली गाडी



वडोदऱ्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक लाकडी कडं आहे. सागवानी, वीतभर रुंद, आतून गुळगुळीत. बाहेरचा लाल-पिवळा रंग बराचसा उडालाय. गेली कित्येक वर्षं आम्ही ते आडणी म्हणून वापरतोय. भात शिजला की पातेलं त्यावर. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती आडणीच वाटते. खरं तर तो एका इंजिनाच्या भागाचा पॅटर्न आहे.

माझे वडील, अण्णा, एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. ओतकाम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी त्याच आकाराचा लाकडी नमुना करतात. तो वाळूत बसवून वाळू ठोकून घट्ट करतात आणि मग नमुना अलगद काढून घेतात. वाळूत त्याची पोकळी राहते, तिच्यात वितळलेला धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी अण्णांकडे वेगळी पट्टी होती. तिच्यावरचा इंच तुमच्या-आमच्या इंचापेक्षा केसभर मोठा असायचा. लहानपणी मी त्या पट्टीनं वहीत समास आखला होता तेव्हा अण्णा हसून म्हणाले होते, "अगं, ही पट्टी न झालेल्या वस्तू मोजायला असते."

एकदा कारखान्यानं नवं इंजिन काढायचं ठरवलं. अण्णांनी दीड वर्ष त्याचे पॅटर्न केले. मग वरून निर्णय आला, हे इंजिन काढायचं नाही. पॅटर्न जळणात गेले. त्यातलं एक कडं अण्णांनी सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणलं. आई म्हणाली, "आडणी बरी होईल." अण्णा म्हणाले, "हो, निदान कुठं तरी लागेल." त्यानंतर त्या दीड वर्षाचा विषय त्यांनी काढला नाही. अगदी शेवटच्या आजारपणात मात्र एकदा म्हणाले, "तू शाळेत इतिहास शिकवतेस ना? मग सांग, जे झालंच नाही त्याचा इतिहास असतो का गं?"

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आजच्या भागात त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न करणार आहे, आणि तो एका गाडीच्या गोष्टीतून करणार आहे.

ही गाडी मला दाखवली माझ्या भाच्यानं. तो मेकॅनिकलला आहे. २०१५ साली आलेला 'स्पेक्टर' हा जेम्स बाँडचा चित्रपट आम्ही घरी बघत होतो. त्यात रोमच्या रस्त्यांवर रात्री एक पाठलाग आहे. बाँडच्या मागे खलनायकाची जी गाडी लागते ती जमिनीला चिकटून सरपटणाऱ्या जनावरासारखी दिसते. भाचा म्हणाला, "आत्या, ही गाडी कधी विकायला आलीच नाही. बनवली, चालवली आणि बंद केली." मी लगेच विचारलं, "का?" त्या 'का'च्या मागे मी बरेच महिने होते.

गाडीचं नाव जॅग्वार सी-एक्स७५. पुढे जाण्याआधी शब्दांची एक अडचण दूर करते. मराठीत आपण गाडीलाही मोटार म्हणतो आणि पंपाच्या यंत्रालाही. या भागात मी चारचाकीला 'गाडी' म्हणेन आणि विजेवर फिरणाऱ्या यंत्राला 'मोटर'.

सप्टेंबर २०१० च्या अखेरीस पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. जॅग्वार हे नाव १९३५ मध्ये पहिल्यांदा एका गाडीला दिलं गेलं, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून नावात ७५. अशा गाडीला कॉन्सेप्ट कार म्हणतात, म्हणजे कल्पना दाखवण्यासाठी केलेली गाडी. पुष्कळदा ती नुसती शोभेची असते, दिवे लागतात, दारं उघडतात, बस्स. या गाडीच्या पोटात मात्र खरोखर नवं काहीतरी होतं.

प्रत्येक चाकाला स्वतंत्र विजेची मोटर, अशा चार. एकेक मोटर १४५ किलोवॅटची, म्हणजे चार मिळून ५८० किलोवॅट. अश्वशक्तीत मोजलं तर पावणेआठशेच्या पुढे. वीज साठवायला १९.६ किलोवॅट-तासाची लिथियम-आयन बॅटरी. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरचं एक युनिट, तेव्हा ही बॅटरी सुमारे साडेएकोणीस युनिटांची झाली. सहा तास चार्ज केली की नुसत्या विजेवर ११० किलोमीटर जाणार. आणि बॅटरी संपत आली की? बसायच्या जागेच्या मागे दोन छोटी गॅस टर्बाइन. प्रत्येकाचं वजन फक्त ३५ किलो, एका माणसाला उचलता येईल इतकं. पण ते मिनिटाला ८०,००० फेरे घेणार आणि ७० किलोवॅट वीज देणार. दोन्ही मिळून १४०. एकूण पल्ला ९०० किलोमीटर, कमाल वेग ताशी ३३० किलोमीटर.

हे आकडे कंपनीनं जाहीर केलेले आहेत आणि ते तसेच घेऊ नयेत. उदाहरणार्थ, किलोमीटरमागे फक्त २८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, असंही सांगितलं गेलं. पण युरोपातल्या त्या चाचणीत विजेवर कापलेलं अंतर शून्य धुराचं धरत. ती वीज ज्या केंद्रात तयार झाली तिथं जळलेला कोळसा त्या हिशेबात येत नाही. तेव्हा २८ हा आकडा गाडीइतकाच चाचणीच्या नियमांचाही आहे.

आता यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या. टर्बाइन आणि चाकं यांचा थेट संबंध नाही. टर्बाइननं फक्त वीज करायची, चाकं फिरवायची मोटरनं. याला सिरीज हायब्रिड म्हणतात. हे काही परदेशी जादूचं प्रकरण नाही. इंदूरहून, नागपूरहून, हुबळीहून ज्यांनी डिझेल इंजिनाच्या आगगाडीनं प्रवास केलाय ते याच तत्त्वावर प्रवास करून आलेत. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेल्या आपल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनात डिझेल जळतं ते जनरेटर फिरवण्यासाठी. चाकं फिरवतात विजेच्या मोटर. फरक इतकाच की तिथं वीज साठवायला मोठी बॅटरी नाही.

मग गाडीत ही कल्पना कधी आली? इतिहासाची शिक्षिका म्हणून मला इथं सर्वांत मोठा धक्का बसला. १९०० साली! व्हिएन्नात लोनर नावाची घोडागाड्या बनवणारी जुनी पेढी होती. तिथं फर्डिनांड पोर्शे नावाचा पंचविशीतला तरुण काम करत होता. त्यानं आधी विजेवर चालणारी गाडी केली. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असतो ना, तशा मधल्या भागातच त्यानं मोटर बसवली. पण बॅटरी जड आणि पल्ला कमी. म्हणून त्यानं दुसरी गाडी केली, तिचं नाव 'सेंपर व्हिवस', लॅटिनमध्ये 'सदा जिवंत'. तिच्यात बॅटरी लहान केली आणि पेट्रोलची दोन छोटी इंजिनं बसवली. प्रत्येकाला एक जनरेटर. इंजिनांचा चाकांशी संबंध नाही, ती फक्त वीज करणार.

दोन छोटी इंजिनं, दोन जनरेटर, एक बॅटरी, चाकांना विजेच्या मोटर. २०१० ची भविष्यातली गाडी म्हणून पॅरिसला जे मांडलं गेलं, त्याचा आराखडा ११० वर्षांपूर्वी व्हिएन्नात कागदावरच नाही तर रस्त्यावर होता. पेट्रोल इंजिनांच्या जागी टर्बाइन आली, शिशाच्या जड बॅटरीच्या जागी लिथियम आलं.

मधली शंभर वर्षं ही कल्पना मागे का पडली? पेट्रोल स्वस्त झालं, पेट्रोल इंजिन सुधारलं. एका इंजिनानं आणि गिअरनं काम भागत असेल तर इंजिन, जनरेटर, बॅटरी आणि मोटर एवढं ओझं कोण घेईल? हिशेब सरळ होता. आणि त्या सेंपर व्हिवसचं काय झालं? मूळ गाडी उरली नाही. पोर्शे कंपनीच्या संग्रहालयानं शंभर वर्षांनी जुनी छायाचित्रं आणि थोडी रेखाटनं यांच्या आधारे ती पुन्हा घडवली आणि २०११ साली दाखवली. एवढी मोठी कंपनी, तिच्या संस्थापकाची पहिली हायब्रिड, आणि माप घ्यायला वस्तूच नाही. हे वाचलं तेव्हा मला आमचं ओट्यावरचं कडं आठवलं.

आता टर्बाइनकडे येऊ. इथं आपल्याला व्हिएन्नाहून इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहरात जायचंय. जॅग्वारचं गाव हेच. आणि जेट इंजिनाचे एक जनक फ्रँक व्हिटल यांचा जन्मही इथलाच, १९०७ चा. १९३० साली, विशीबाविशीत असताना, त्यांनी जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३७ मध्ये त्यांचं इंजिन पहिल्यांदा फिरलं. गॅस टर्बाइनचं तत्त्व सोपं आहे. हवा आत ओढा, दाबा, तिच्यात इंधन जाळा, आणि तापून फुगलेल्या वायूच्या झोतानं पाती फिरवा. पिस्टन नाही, खालीवर होणारं काही नाही, फक्त गोल फिरणं. इंधनाची आवडनिवडही फारशी नाही.

युद्धात रोव्हर या मोटार कंपनीनं व्हिटल यांच्या इंजिनावर काम केलं होतं. युद्ध संपल्यावर त्यांच्या मनात आलं, हे गाडीत का घालू नये? १९५० साली त्यांनी जेट-१ नावाची गाडी रस्त्यावर आणली, टर्बाइनवर चालणारी जगातली पहिली. १९५२ मध्ये ती बेल्जियममधल्या एका महामार्गावर ताशी सुमारे २४५ किलोमीटरनं धावली. पण इंधन? एका लिटरला जेमतेम दोन किलोमीटर! जेट-१ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं तर यापुढची मजल मारली. १९६३ पासून टर्बाइनच्या ५० गाड्या त्यांनी सामान्य कुटुंबांना आळीपाळीनं वापरायला दिल्या. एकूण २०३ जणांनी त्या चालवल्या. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी ही गाडी टकीला दारूवर चालवून दाखवली आणि ती चाललीही. तरीही प्रयोग थांबला आणि बहुतेक गाड्या कंपनीनंच मोडून टाकल्या. आधीचे पाच नमुने धरून एकूण ५५ झाल्या होत्या, त्यातल्या फक्त नऊ उरल्या.

टर्बाइन गाडीत का जमेना? कारण टर्बाइनला एका ठरावीक वेगानं फिरत राहायला आवडतं. शहरातली गाडी तर थांबते, निघते, पुन्हा थांबते. सिग्नलला उभी असतानाही टर्बाइन हजारो फेरे घेत इंधन पीत राहतं, आणि पाय दाबला की वेग घ्यायला वेळ लावतं. लहान टर्बाइनची आणखी एक अडचण असते. पाती आणि भोवतालचं कवच यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. यंत्र लहान करत गेलं तरी ती फट त्याच प्रमाणात लहान करता येत नाही, त्यामुळे दाबलेली हवा निसटते आणि काम वाया जातं.

पण चाकांची जबाबदारी मोटरकडे गेली तर? मग टर्बाइनला एकाच वेगानं, स्वतःच्या लयीत फिरता येतं. गरज नसेल तेव्हा सरळ बंद. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगानं जाणाऱ्या गाडीला साधारण पंधरा-वीस किलोवॅट पुरतात. वेग पकडायला लागणारी जास्तीची ताकद बॅटरी देते आणि टर्बाइन मागून बॅटरी भरत राहतं. व्हॉल्व्हो कंपनीनं १९९२ मध्ये हीच जोडी लावून एक कॉन्सेप्ट कार केली होती, तेव्हा हा विचार एकट्या जॅग्वारचा नव्हता. जॅग्वारसाठी टर्बाइन करणारी ब्लेडन जेट्स ही छोटी कंपनीही कॉव्हेन्ट्रीचीच. व्हिटल यांच्याच गावात, त्यांच्या पेटंटनंतर ऐंशी वर्षांनी.

इथं भारताचा खरा धागा आहे. २००८ मध्ये टाटा मोटर्सनं फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर या कंपन्या २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. पुण्या-मुंबईच्या किती मराठी घरांची चूल टाटा मोटर्सवर चालते ते तुम्हाला माहीत आहे. टाटा समूहानं ब्लेडन जेट्समध्येही भाग घेतला. म्हणून सी-एक्स७५ ही भारतीय गाडी होती असं काही मी म्हणणार नाही. आखणी तिथली, अभियंते तिथले. पण ती ज्या कंपनीची, तिचे मालक आपल्याकडचे होते, आणि एका अवघड प्रयोगाला हो म्हणण्यात आणि नंतर नाही म्हणण्यात त्यांचाही वाटा होता.

गाडीच्या रूपाबद्दल बोलायला हवं, कारण या गाडीत रूप आणि यंत्र वेगळं काढताच येत नाही. आखणी इयान कॅलम यांच्या हाताखाली झाली. दोन्ही टर्बाइन पूर्ण वेगात असताना मिनिटाला ३५,००० लिटर हवा लागणार. एवढी हवा आणायची कुठून? म्हणून बसायच्या जागा मागच्या भिंतीलाच पक्क्या केल्या आणि त्यांच्या भोवतीनं हवेच्या वाटा नेल्या. आता सीट हलत नाही म्हटल्यावर उंच-बुटक्या माणसानं काय करायचं? तर स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल चालवणाऱ्याकडे सरकतात. एका गरजेतून दुसरी गोष्ट कशी निघते बघा. अण्णा म्हणायचे, पॅटर्नचा एक कोपरा बदलला की सगळी पेटी बदलावी लागते.

मोटर लहान, टर्बाइन लहान, त्यामुळे पुढे लांबलचक बॉनेट ठेवायची गरजच उरली नाही. माणसं पुढे सरकली, गाडी जमिनीपासून जेमतेम १.२ मीटर उंच राहिली. आणि वळणं? ती घ्यायला आखणी करणारे परत गेले जॅग्वारच्याच एका जुन्या गाडीकडे, १९६६ च्या एक्सजे१३ कडे. ही एक्सजे१३ फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी बनवली होती. ती एकच बनली. तोवर शर्यतीचे नियम आणि प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले होते. ती कुठल्याही शर्यतीत कधी उतरली नाही. १९७१ मध्ये चित्रीकरणासाठी बाहेर काढली तर अपघात होऊन चिरडली. पुढे ती दुरुस्त करून जपून ठेवली गेली.

म्हणजे २०१० मध्ये भविष्यातली गाडी आखणारी माणसं प्रेरणेसाठी ज्या गाडीकडे बघत होती, तीसुद्धा 'न झालेली' गाडीच होती. ती जपलेली होती म्हणून बघता आलं.

आता पुढची गोष्ट. मे २०११ मध्ये जॅग्वारनं जाहीर केलं की ही गाडी खरोखर बनवून विकू. जास्तीत जास्त २५०, किंमत सात ते नऊ लाख पौंड, आणि सोबतीला फॉर्म्युला वनमधली विल्यम्स कंपनी. पण गाडी विकायची म्हटली की कल्पनेला हिशेब द्यावा लागतो. टर्बाइन गेली. तिच्या जागी आलं फक्त १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. छोटं असलं तरी मिनिटाला दहा हजार फेरे घेणारं आणि पाचशेहून जास्त अश्वशक्तीचं. चार मोटरच्या दोन झाल्या. इंजिन आता थेट चाकं फिरवू लागलं. म्हणजे पोर्शेच्या १९०० च्या आराखड्यापासून गाडी दूर गेली, पण ती धावली, आणि ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे जाऊन आली. बॅटरीवर साठेक किलोमीटर चालायचीही सोय राहिली.

डिसेंबर २०१२. कंपनीनं सांगितलं, जगातली आर्थिक परिस्थिती अशी आहे की ही गाडी आम्ही विकायला काढणार नाही.

माझ्या मते निर्णय चुकीचा नव्हता. २५० श्रीमंतांच्या गाडीपेक्षा हजारो लोक घेतील अशा गाड्यांवर पैसा लावणं कंपनीला आणि तिच्या कामगारांना जास्त गरजेचं होतं. पण पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पोर्शे, मॅक्लारेन आणि फेरारी या तिघांच्या महागड्या हायब्रिड गाड्या आल्या. मोटारींवरच्या पुस्तकांत त्या तिघींची नावं कायम एकत्र येतात. चौथी जागा रिकामी राहिली. ज्यांनी दोन वर्षं त्या इंजिनावर रात्री घालवल्या असतील, त्यांना ती पुस्तकं चाळताना काय वाटत असेल? मला अण्णांचा चेहरा माहीत आहे, म्हणून मी कल्पना करू शकते.

मग उरलं काय? टर्बाइनचा शोध घेतला तर ब्लेडनच्या लोकांनी पुढे मोबाइल टॉवरसाठी १२ किलोवॅटचा छोटा टर्बाइन जनरेटर केला. ताशी ३३० किलोमीटरचं स्वप्न आणि त्यातून निघालेला, टॉवरखाली उभा राहणारा जनरेटर. मला यात काही खालच्या दर्जाचं वाटत नाही. विल्यम्सच्या अभियांत्रिकी शाखेनं २०१४ पासून फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या शर्यतीतल्या सगळ्या गाड्यांसाठी चार हंगाम बॅटऱ्या पुरवल्या. २०१६ मध्ये जॅग्वार स्वतः त्या शर्यतीत उतरली, ती विल्यम्सच्याच सोबतीनं.

आणि रूप? २०१८ मध्ये जॅग्वारनं आय-पेस ही पूर्ण विजेवरची गाडी विकायला आणली. घरच्या चार माणसांची, उंच बांध्याची. तरी तिचं आखूड बॉनेट, पुढे सरकलेली केबिन आणि मागची वळलेली काच सी-एक्स७५ वरून आली, हे कंपनीनंच सांगितलं. तीच आय-पेस २०१९ ची 'वर्ल्ड कार ऑफ द इयर' ठरली. नमुना वाळूतून काढून घेतला होता, त्याची पोकळी मात्र राहिली होती.

आणि 'स्पेक्टर'मधली गाडी? तिची गंमत अशी की दणादण उड्या मारणाऱ्या त्या गाड्यांत ना टर्बाइन होतं ना मोटर. चित्रीकरणासाठी विल्यम्सनं बांधलेल्या त्या गाड्यांना जॅग्वारचं नेहमीचं व्ही-८ पेट्रोल इंजिन बसवलं होतं. वरचं रूप भविष्याचं, आत भूतकाळ. आज बहुतेक लोक ही गाडी ओळखतात ती या खोट्या पोटामुळे. २०२४ मध्ये इयान कॅलम यांच्याच नव्या कंपनीनं त्यातली एक गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी करून दिली.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येते. जे झालंच नाही त्याचा इतिहास असतो का?

हो अण्णा, असतो. पण तो आपोआप टिकत नाही. एक्सजे१३ जपली म्हणून ४४ वर्षांनी तिच्यावरून नवी रेष ओढता आली. जेट-१ संग्रहालयात आहे म्हणून आपण तिच्या चुकांबद्दल बोलतो. क्रायस्लरच्या नऊ उरल्या म्हणून त्यांची गोष्ट सांगता येते. सेंपर व्हिवस हरवली आणि तिच्या स्वतःच्या कंपनीला छायाचित्रांवरून ती चाचपडत घडवावी लागली. मोठ्या कंपन्यांकडे आपलं अपयश ठेवायलाही जागा असते, तिजोरी असते, चित्रपट असतो. पॅटर्नमेकरकडे फक्त सायकलचा कॅरियर असतो. तुमचं दीड वर्ष तुम्ही चुकलात म्हणून वाया गेलेलं नाही. ते नोंदवून ठेवावं असं त्या कारखान्यात कुणाला वाटलं नाही, आणि घरात मलाही वाटलं नाही. मी इतिहास शिकवत होते आणि माझ्या ओट्यावरच्या वस्तूचं माप मी कधी घेतलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ते घेतलं. भाचा आणि मी दोघांनी. अण्णांची ती पट्टी अजून आहे. तिनं मोजलं तेव्हा कड्याचा व्यास बरोबर पूर्ण इंचात आला. साध्या पट्टीनं तो केसभर जास्त येतो. कड्याच्या आतल्या बाजूला ठोकलेला भागाचा क्रमांकही सापडला, इतकी वर्षं पातेल्याच्या काजळीखाली होता. आम्ही रेखाटन केलं, वजन लिहिलं, लाकूड कुठलं ते लिहिलं, आणि ते काम का थांबलं याबद्दल जेवढं आईला आठवलं तेवढं लिहिलं. एक पान झालं.

मंडळी, तुम्ही बेळगावात असा, हैदराबादेत असा, ग्वाल्हेरला किंवा तंजावरला असा, तुमच्या घरात कुणीतरी असं काहीतरी केलेलं असेल जे पुढे गेलं नाही. न छापलेलं पुस्तक, न विणलेल्या साडीची नक्षी, बंद पडलेल्या यंत्राचा आराखडा. ज्यांनी केलं ते हयात असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा. काय केलं, कुठल्या साली केलं, माप काय होतं, का थांबलं, एवढं एका पानावर लिहून ठेवा. कुणाच्या कधी उपयोगी पडेल याची काळजी करू नका.

आमचं कडं पुन्हा ओट्यावरच ठेवलंय. भाताचं पातेलं ठेवायला दुसरी आडणी आणलेली नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.